जनुक तासाभरात सापडतं, औषध कधी बदलतं? रुग्णालयातल्या जिवाणूंच्या जलद प्रतिरोध-चाचणीचं मार्गदर्शन

ब्लड कल्चरची (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची) बाटली मशीनमध्ये ठेवल्यावर जिवाणू वाढल्याचा इशारा यायला साधारण १२ ते ४८ तास लागतात. मग ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), मग प्लेटवर लावून रात्रभर वाट पाहणं. दुसऱ्या दिवशी कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका, उचलून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं याची चाचणी, लावायची आणि पुन्हा १६ ते २४ तास थांबायचं. रक्त काढल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांना कळतं की चालू असलेलं प्रतिजैविक लागू पडणारं होतं की नव्हतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सेप्टिक शॉकच्या रुग्णांचा रक्तदाब कोसळल्यानंतरचे पहिले सहा तास पाहिले होते. योग्य प्रतिजैविक द्यायला झालेल्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेलं.

जिवाणूतलं प्रतिरोधाचं जनुक थेट शोधणारी जनुकीय चाचणी यातला नेमका कोणता वेळ वाचवते, हे आधी स्पष्ट असू द्या. बाटली पॉझिटिव्ह होईपर्यंतचा वेळ ती वाचवत नाही. रक्तातल्या जिवाणूंची संख्या बहुतेकदा इतकी कमी असते, मिलिलिटरमागे एक ते दहासुद्धा, की थेट रक्तातून जनुक पकडणं फार अवघड जातं. तशा चाचण्या आहेत, पण रोजच्या कामाचा कणा आजही कल्चरच आहे. बाटली पॉझिटिव्ह झाली की तिच्यात मिलिलिटरमागे कोट्यवधी जिवाणू असतात, आणि तिथून पुढचा दीड-दोन दिवसांचा टप्पा ही चाचणी तासाभरावर आणते. हे वाचलेले तास रुग्णापर्यंत पोहोचतील की लॅबच्या कॉम्प्युटरमध्येच पडून राहतील, हे मात्र मशीन ठरवत नाही. म्हणून या लेखात पीसीआर, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती करून ते शोधण्याचं तंत्र, याइतकाच वेळ मी निकाल वाचण्यावर आणि कळवण्यावर घालवणार आहे.

आधी प्रश्न ठरवा

एकाच जनुकासाठी तीन वेगळ्या कारणांनी चाचणी होते आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. पहिलं कारण उपचार: पॉझिटिव्ह ब्लड कल्चरमधून तातडीने जनुक शोधायचं, कारण औषध बदलायचं आहे. दुसरं स्क्रीनिंग: आजारी नसलेला पण आतड्यात प्रतिरोधक जिवाणू बाळगणारा रुग्ण आयसीयूत येतानाच ओळखायचा, म्हणजे त्याला वेगळं ठेवता येईल. तिसरं, कॉलनी हातात आहे, मेरोपेनेमला (कार्बापेनेम कुळातलं प्रतिजैविक) प्रतिरोध दिसतोय, आणि तो कोणत्या एन्झाइममुळे आहे ते शोधायचं.

सुरुवात करताना यातलं एकच निवडा. तिन्ही एकदम सुरू केलेल्या लॅबमध्ये कार्ट्रिज (चाचणीच्या एकदाच वापरायच्या बंद डब्या) स्क्रीनिंगमध्ये संपतात आणि रात्री दोनला पॉझिटिव्ह झालेल्या बाटलीसाठी एकही उरत नाही. माझं मत विचाराल तर पहिला मान ब्लड कल्चरचा. अपवाद एकच: वॉर्डात कार्बापेनेम-प्रतिरोधक क्लेब्सिएलाची साथ चालू असेल, तर स्क्रीनिंग आधी.

कोणतं जनुक, कोणत्या जिवाणूत

सगळ्या विषयाचं मर्म या भागात आहे, त्यामुळे इथे घाई नको.

स्टॅफिलोकोकस ऑरियसपासून सुरू करू, कारण इथे जनुकीय चाचणी सर्वात भरवशाची आहे. मेथिसिलिन-प्रतिरोधक ऑरियस, म्हणजे एमआरएसए, १९६१ मध्ये इंग्लंडमधून प्रथम नोंदवला गेला. त्याच्या प्रतिरोधाचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. मेक-ए हे जनुक पीबीपी-२ए नावाचं प्रथिन बनवतं, आणि मेथिसिलिनच्या कुळातली बहुतेक सगळी औषधं त्याला नीट चिकटू शकत नाहीत. २०११ मध्ये मेक-सी हा त्याचा दूरचा भाऊबंद वर्णन केला गेला. तो फक्त मेक-ए शोधणाऱ्या चाचण्यांना दिसत नाही, म्हणून किटमध्ये दोन्ही आहेत का ते पाहा. कारण एकच असल्यामुळे इथे निगेटिव्ह निकालालाही किंमत आहे. ऑरियस सापडला, मेक-ए आणि मेक-सी दोन्ही नाहीत, तर व्हॅन्कोमायसिन थांबवून सेफाझोलिनसारख्या बीटा-लॅक्टमवर (मेथिसिलिन ज्या मोठ्या कुळातलं, त्यातल्या औषधावर) जाण्याचा विचार त्याच दिवशी करता येतो. अशा ऑरियसवर व्हॅन्कोमायसिनपेक्षा बीटा-लॅक्टम चांगलं काम करतं. माझ्या मते या तंत्राचा सर्वात मोठा फायदा याच साध्या निगेटिव्ह निकालात आहे, आणि त्याचीच सर्वात कमी चर्चा होते.

एन्टरोकोकसचंही असंच, थोड्या फरकाने. व्हॅन-ए आणि व्हॅन-बी ही व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोधाची मुख्य जनुकं. रक्तातून वाढलेल्या एन्टरोकोकस फिसियममध्ये ती सापडली तर निकाल पक्का धरा. गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये एकटं व्हॅन-बी सापडलं तर मात्र थांबा. आतड्यातले काही ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणूही व्हॅन-बी बाळगतात आणि त्यांचा एन्टरोकोकसशी संबंध नसतो. कल्चरने खात्री केल्याशिवाय त्या रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवू नका.

आता ग्रॅम-निगेटिव्ह. हा भाग कठीण. कार्बापेनेम मोडणारी एन्झाइम (कार्बापेनेमेज) बनवणारी पाच मोठी जनुककुळं बहुतेक पॅनेलमध्ये (अनेक जनुकं एकदम शोधणाऱ्या चाचणीत) असतात: केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८. केपीसीचा पहिला आयसोलेट (रुग्णाकडून वेगळा काढलेला जिवाणू) अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९९६ मध्ये गोळा झाला होता. ऑक्सा-४८ तुर्कस्तानातल्या २००१ च्या आयसोलेटमध्ये सापडलं आणि एनडीएमचं वर्णन २००९ मध्ये झालं. ही पाच नावं एकाच ओळीत छापली जातात म्हणून एकसारखी वाटतात, पण औषध निवडताना त्यांच्यात मोठी फट आहे. केपीसी आणि ऑक्सा-४८ यांना अविबॅक्टम हे एन्झाइम-रोधक रोखतं, त्यामुळे सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम चालण्याची शक्यता असते. एनडीएम, व्हीआयएम आणि आयएमपी ही जस्तावर चालणारी एन्झाइम. त्यांच्यापुढे अविबॅक्टम निरुपयोगी ठरतं. ही एन्झाइम एझ्ट्रिओनॅमला मात्र मोडू शकत नाहीत. अडचण अशी की एनडीएम बाळगणाऱ्या जिवाणूकडे बहुधा सीटीएक्स-एमसारखं आणखी एक एन्झाइम असतं आणि ते एझ्ट्रिओनॅमला मोडतं. म्हणून एझ्ट्रिओनॅमच्या जोडीला अविबॅक्टम द्यायची पद्धत आली: एकाने दुसऱ्याचं रक्षण करायचं. मेरोपेनेम-व्हॅबोरबॅक्टमचं गणित पुन्हा वेगळं. ते केपीसीवर चालतं, ऑक्सा-४८ वर त्याचा भरवसा नाही आणि एनडीएमवर तर नाहीच.

म्हणून 'कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह' एवढंच सांगणारा निकाल अर्धवट असतो. कोणतं, ते कळायला हवं.

याउलट बाजू, आणि इथेच सर्वात जास्त फसगत होते: पाचही जनुकं निगेटिव्ह आली म्हणजे मेरोपेनेम चालेल, असं नाही. स्यूडोमोनासमध्ये कार्बापेनेमला प्रतिरोध अनेकदा ओप्र-डी हा दरवाजा बंद झाल्यामुळे किंवा औषध बाहेर फेकणारे पंप वाढल्यामुळे येतो. तिथे शोधण्यासारखं आयतं आलेलं जनुक नसतंच. एन्टरोबॅक्टरमध्ये अ‍ॅम्प-सी एन्झाइम भरपूर तयार होणं आणि भिंतीतली छिद्रं कमी होणं, या दोन्हींची बेरीज तोच परिणाम करते. आसिनेटोबॅक्टरमध्ये मुख्य गुन्हेगार ऑक्सा-२३ आणि त्याचे सोबती असतात, आणि वरच्या पाचांत ते नाहीत. पाच जनुकांचं कार्ट्रिज आसिनेटोबॅक्टरवर चालवून आलेला निगेटिव्ह निकाल म्हणूनच जवळपास निरर्थक आहे.

ऑक्सा-४८ ची आणखी एक खोड. ते कार्बापेनेमला हळूहळू मोडतं, त्यामुळे नेहमीच्या सेन्सिटिव्हिटीत मेरोपेनेम 'सेन्सिटिव्ह' दिसू शकतं. इथे जनुकीय चाचणी कल्चरच्या पुढे जाते. पण त्याच कुळातले ऑक्सा-१८१ आणि ऑक्सा-२३२ हे प्रकार काही चाचण्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना सापडत नसत. किट घेताना हे दोन प्रकार त्यात धरले आहेत का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

सीटीएक्स-एम हे ईएसबीएलचं, म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांचं, सर्वात पसरलेलं कूळ. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएलात ते सापडलं तर गंभीर संसर्गात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर अवलंबून राहू नये. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम चालेल का, या जुन्या वादावर मेरिनो या २०१८ च्या, रुग्णांवर केलेल्या चाचणीने बराच प्रकाश टाकला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-प्रतिरोधक ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाच्या रक्तसंसर्गात ३० दिवसांतले मृत्यू पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के होते, मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के.

फ्लुरोक्विनोलोन आणि कोलिस्टिन या दोन औषधांसाठी जलद जनुक-चाचणीच्या वाटेला सहसा जाऊ नका. पहिल्यात प्रतिरोध मुख्यतः जायर-ए आणि पार-सी या मूळच्याच जनुकांतल्या सुट्या बदलांतून येतो. दुसऱ्यात २०१५ मध्ये गाजलेलं एमसीआर-१ ही गोष्टीची एकच बाजू आहे, कारण क्लेब्सिएलात एमजीआर-बी बिघडलं तरी तोच परिणाम होतो. क्षयाच्या जिवाणूत सुटे बदल शोधणारी चाचणी यशस्वी झाली, कारण रिफॅम्पिसिनचे जवळजवळ सगळे बदल आरपीओ-बी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका पट्ट्यात एकवटलेले असतात. ती सोय इथे नाही.

तंत्र निवडताना

बंद कार्ट्रिजची पीसीआर: नमुना टाकला, झाकण लावलं, ५० मिनिटं ते सव्वा तासात निकाल. हाताळणी कमी, दूषित होण्याचा धोका कमी, खर्च जास्त, आणि जनुकांची यादी कंपनीने ठरवलेली. उघडी रिअल-टाइम पीसीआर: दर चाचणीमागे स्वस्त, हवी ती जनुकं घेता येतात, पण डीएनए वेगळा करण्यापासून सगळं तुम्हाला करायचं, आणि नमुने साठवून एकदम चालवण्याचा मोह होतो. तो मोह आवरला नाही तर जलद हा शब्द खोडावा लागेल. लॅम्प हे २००० साली प्रसिद्ध झालेलं तंत्र ६० ते ६५ अंशांच्या स्थिर तापमानावर चालतं, महागडं थर्मल सायकलर लागत नाही, पण एका नळीत अनेक जनुकं शोधणं त्यात अवघड.

एक सल्ला जनुकीय चाचणीच्या चौकटीबाहेरचा. लॅटरल फ्लो पट्टी जनुक शोधत नाही, एन्झाइमच पकडते. कॉलनीतून १५ मिनिटांत केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८ यांच्या वेगवेगळ्या रेषा दाखवते, आणि मशीन लागत नाही. ज्या लॅबमध्ये दिवसाला एखादीच संशयित कॉलनी येते, तिथे मी आधी ही पट्टी आणीन आणि पीसीआरचा विचार नंतर करीन.

सुरू करण्यापूर्वीची पडताळणी

कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबून रुग्णांचे नमुने लावू नका. आधी ज्ञात जिवाणू चालवा. एटीसीसी या संग्रहातले काही सर्वत्र वापरले जातात: मेक-ए पॉझिटिव्हसाठी स्टॅफ ऑरियस ४३३००, निगेटिव्हसाठी २९२१३. व्हॅन-बी पॉझिटिव्हसाठी एन्टरोकोकस फिकॅलिस ५१२९९, निगेटिव्हसाठी २९२१२. केपीसीसाठी क्लेब्सिएला बीएए-१७०५, त्याचा निगेटिव्ह जोडीदार बीएए-१७०६, आणि एनडीएमसाठी बीएए-२१४६.

मग तुमच्याच फ्रीझरमधले आयसोलेट घ्या. वीसेक पॉझिटिव्ह, तितकेच निगेटिव्ह, आणि मुद्दाम काही त्रासदायक: कार्बापेनेम-प्रतिरोधक पण कार्बापेनेमेज नसलेला एन्टरोबॅक्टर, मेक-ए असलेला एपिडर्मिडिस (त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस). ब्लड कल्चरसाठी चाचणी वापरायची असेल तर हे आयसोलेट रक्त घातलेल्या बाटलीत वाढवूनच तपासा. शुद्ध कॉलनीतून उत्तम चालणारी चाचणी बाटलीतल्या द्रवात अडखळू शकते. २० पैकी २० बरोबर आले तरी हुरळून जाऊ नका. संख्याशास्त्रातला तीनचा नियम लावला, म्हणजे ३ भागिले २०, तर चुकांचा खरा दर १५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. सुरू झाल्यानंतरही पहिले काही महिने प्रत्येक निकाल कल्चरशी ताडून पाहणं म्हणूनच गरजेचं.

नमुना

ब्लड कल्चरमध्ये प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं आणि शक्यतो दोन वेगळ्या जागांहून घेतलेले दोन संच. रक्त कमी पडलं तर बाटली पॉझिटिव्हच होणार नाही, मग पुढचं सगळं तंत्र शोभेचं. दोन संच असण्याचा दुसरा फायदा: चारपैकी एकाच बाटलीत एपिडर्मिडिस आणि मेक-ए आला तर तो त्वचेवरून आला असण्याची शक्यता मोठी.

बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर ग्रॅम स्टेन टाळून थेट पॅनेल लावू नका. स्टेनला काही मिनिटं लागतात, आणि पॅनेलचा निकाल खरा की खोटा हे ठरवणारा पहिला साक्षीदार तोच असतो. बाटलीच्या माध्यमात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए आधीपासून असू शकतो आणि पीसीआरला जिवंत-मेला हा फरक कळत नाही. स्टेनमध्ये फक्त झुपक्यातले निळे गोल कोकाय दिसताहेत आणि पॅनेल स्यूडोमोनासही दाखवतंय, तर तो स्यूडोमोनास कल्चरमध्ये उगवेपर्यंत कच्चाच धरायचा.

स्क्रीनिंगच्या स्वॅबवर विष्ठेचा डाग डोळ्यांना दिसला पाहिजे. कोरडा, स्वच्छ स्वॅब आला तर परत पाठवा. पण बरबटलेला स्वॅबही नको, त्यातले घटक पीसीआरला रोखतात.

चाचणी चालवताना

पीसीआर एका रेणूचे अब्जावधी करते, म्हणून ती स्वतःच्याच उष्ट्याने सर्वात जास्त दूषित होते. उघडी पीसीआर करत असाल तर रसायनं मिसळण्याची जागा, नमुन्यातून डीएनए काढण्याची जागा आणि तयार झालेला डीएनए हाताळण्याची जागा वेगळ्या ठेवा, आणि चालण्याची दिशा एकच: स्वच्छ जागेकडून दूषितकडे. तिसऱ्या खोलीतलं पिपेट, रॅक किंवा कोट पहिल्या खोलीत कधीही आणायचा नाही. टेबल रोज ताज्या केलेल्या १० टक्के ब्लीचने पुसा, मग पाण्याने किंवा अल्कोहोलने, कारण ब्लीच धातू खातं. रसायनांच्या मिश्रणात थायमिनऐवजी युरॅसिल आणि सोबत यूएनजी एन्झाइम वापरलं, तर आधीच्या धावांमधला (चाचणीच्या फेऱ्यांमधला) सांडलेला डीएनए नवी धाव सुरू होण्याआधी तोडला जातो.

प्रत्येक धावेत तीन कंट्रोल हवेत. पॉझिटिव्ह कंट्रोल रसायनं चालतात हे सांगतो. ज्यात नमुना नाही असा निगेटिव्ह कंट्रोल दूषितपणा दाखवतो. अंतर्गत कंट्रोल प्रत्येक नमुन्याच्या नळीत असतो आणि त्या नळीत पीसीआर रोखली गेली का ते सांगतो. हिमोग्लोबिन, हेपारिन आणि ब्लड कल्चरच्या बाटलीत गोठू नये म्हणून घातलेलं एसपीएस, तिन्ही पीसीआर रोखतात. अंतर्गत कंट्रोल आला नाही आणि जनुकही आलं नाही, तर निकाल 'निगेटिव्ह' लिहायचा नाही. तो 'अवैध' असतो. नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावा, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं.

सीटी मूल्य, म्हणजे कितव्या चक्रात आलेख रेषा ओलांडतो, ते नजरेखालून घाला. चाचणी उत्तम चालत असेल तर डीएनए दहापट कमी होताना सीटी साधारण ३.३ ने वाढतं. पॉझिटिव्ह बाटलीत जिवाणू भरपूर असतात, त्यामुळे सीटी लवकर यायला हवं. ३७-३८ व्या चक्रात रांगत आलेलं एनडीएम दिसलं आणि शेजारच्या नळीत जोरदार एनडीएम असेल, तर आधी दूषितपणाचा संशय घ्या आणि मूळ नमुन्यापासून पुन्हा करा.

निकाल वाचणं

मिश्र वाढीत जनुक कोणाचं हे चाचणी सांगत नाही. गर्दीत चाकू सापडला, खिसा कोणाचा ते ठाऊक नाही, तशी गत. ऑरियस आणि एपिडर्मिडिस एकत्र आणि मेक-ए पॉझिटिव्ह, तर जनुक दोघांपैकी कोणाचंही असू शकतं. मेक-ए ज्या तुकड्यावर बसतं त्याचा ऑरियसच्या गुणसूत्राशी असलेला सांधा शोधणाऱ्या चाचण्या हा गोंधळ कमी करतात. त्यांची वेगळी पंचाईत अशी की तुकडा शिल्लक आणि मेक-ए गळून गेलेलं, असे ऑरियसही असतात. तिथे सांधा पॉझिटिव्ह येतो, पण जिवाणू मेथिसिलिनला बळी पडणारा असतो. मेक-ए आणि सांधा दोन्ही शोधणारी चाचणी घ्या. आणि खात्री होईपर्यंत उपचार प्रतिरोधक धरूनच चालू ठेवा.

जनुक आहे पण कल्चरमध्ये औषध सेन्सिटिव्ह दिसतंय: आधी शुद्ध कॉलनीतून दोन्ही चाचण्या पुन्हा करा. ऑक्सा-४८ असेल तर विसंगती अपेक्षितच, आणि रक्तसंसर्गात जनुकावर विश्वास ठेवणं सुरक्षित. जनुक नाही पण कल्चर प्रतिरोधक: कल्चर बरोबर, वाद नाही. पॅनेलमध्ये नसलेली यंत्रणा आहे एवढंच त्याचा अर्थ.

सेन्सिटिव्हिटी त्यामुळे कधीच बंद करायची नाही. ती लवकर मिळवण्यासाठी पॉझिटिव्ह बाटलीतून थेट डिस्क लावून ४, ६ आणि ८ तासांनी वाचण्याची युकास्ट या युरोपीय समितीची पद्धत आहे. ग्रॅम-निगेटिव्हमध्ये पॅनेल आणि ही पद्धत एकत्र वापरली, तर निगेटिव्ह पॅनेलचा लटकता प्रश्न बहुतेक वेळा त्याच दिवशी सुटतो.

कळवणं

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग लॅब सुरू करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ६१७ रुग्णांचे तीन गट केले: नेहमीची पद्धत, जलद पॅनेल आणि सोबत लेखी टिप्पणी, आणि जलद पॅनेलसोबत प्रतिजैविक-सल्लागार चमूचा तात्काळ सल्ला. अनावश्यक व्यापक औषध कमी करायला पहिल्या गटात ३४ तास लागले आणि दुसऱ्यात ३८. मशीन असूनही काही वाचलं नाही. तिसऱ्या गटात २१ तास लागले. मृत्यूदरात तिन्ही गटांत फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तेव्हा कार्ट्रिजची ऑर्डर देण्याआधी पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. बाटली पहाटे पॉझिटिव्ह झाली तर पॅनेल कोण लावणार? निकाल कोणाला फोन करून सांगणार, आणि त्यांनी उचलला नाही तर पुढचा नंबर कोणाचा? औषध बदलण्याचा अधिकार रात्री कोणाकडे आहे? उत्तरं नसतील तर सकाळपर्यंत पडून राहणाऱ्या बाटल्यांसाठी महागडं मशीन घेण्यात अर्थ नाही.

फोनवर नुसतं जनुकाचं नाव सांगून ठेवून देऊ नका. 'डॉक्टर, बेड सातच्या पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला आहे, एनडीएम पॉझिटिव्ह. आत्ता कोणतं प्रतिजैविक चालू आहे?' हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर मेरोपेनेम असेल तर संभाषण तिथेच पुढे सरकतं. मग ऐकणाऱ्याकडून निकाल परत वदवून घ्या आणि नाव, वेळ नोंदवा.

लेखी रिपोर्टमधलं वाक्य असं काहीसं ठेवता येईल: 'क्लेब्सिएला न्यूमोनिए, एनडीएम जनुक आढळलं. कार्बापेनेम आणि सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकटं लागू पडण्याची शक्यता नाही. संसर्गतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. संपर्क-खबरदारी सुरू करावी. संपूर्ण सेन्सिटिव्हिटी नंतर.' आणि निगेटिव्हसाठी: 'तपासलेली पाच कार्बापेनेमेज जनुकं आढळली नाहीत. इतर कारणांनी प्रतिरोध असू शकतो. सेन्सिटिव्हिटीची वाट पाहावी.' निगेटिव्ह रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

स्क्रीनिंगचं गणित

समजा चाचणीची विशिष्टता (वाहक नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याचं प्रमाण) ९८ टक्के आहे आणि ती एकही खरा रुग्ण सोडत नाही. १००० जणांपैकी १ टक्का, म्हणजे १०, खरोखर वाहक आहेत. उरलेल्या ९९० पैकी साधारण २० खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ३० पॉझिटिव्ह, त्यात खरे १०. वीस माणसं विनाकारण वेगळ्या खोलीत. हीच चाचणी जिथे २० टक्के वाहक आहेत अशा आयसीयूत लावली तर २१६ पॉझिटिव्हपैकी २०० खरे. म्हणून सरसकट सगळ्यांना स्वॅब करण्यापेक्षा दुसऱ्या रुग्णालयातून आलेले, नुकतेच कार्बापेनेम घेतलेले आणि वाहकाच्या शेजारी राहिलेले रुग्ण निवडा. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याला 'गेलं का' म्हणून दर आठवड्याला पीसीआर करू नका. वाहकपण महिनोन्‌महिने टिकतं, आणि चाचणीला मेलेल्याचा डीएनएही दिसतो.

साथीचा संशय आला तर

एकाच वॉर्डात तीन केपीसी सापडले, एवढ्यावरून ते एकमेकांकडून आले असं सिद्ध होत नाही. त्यासाठी संपूर्ण जीनोम वाचावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ मध्ये केपीसी क्लेब्सिएलाची साथ १८ रुग्णांपर्यंत पोहोचली आणि त्यातले ११ दगावले, सहा मृत्यू थेट या संसर्गाने. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला होता, त्यामुळे दोघांचा संबंध नसावा असं वाटलं. जीनोममधल्या तुरळक अक्षरांच्या फरकांवरून कळलं की संबंध होता, आणि मधल्या काळात लक्षणं नसलेले वाहक होते. जिवाणू सिंकच्या निचऱ्यात आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही सापडला. तुमच्याकडे सिक्वेन्सर नसला तरी चालेल, आयसोलेट मात्र हवेत: प्रत्येक कार्बापेनेमेज-पॉझिटिव्ह रुग्णाचा पहिला आयसोलेट उणे ७० अंश किंवा त्याहून थंड तापमानाला साठवा. पीसीआर करून प्लेट फेकून दिली तर नंतर बाहेरच्या लॅबला पाठवायलाही काही उरत नाही.

पुढे चालू ठेवताना

दर महिन्याला दोनच कालावधी मोजा: बाटली पॉझिटिव्ह झाल्यापासून फोन होईपर्यंतचा, आणि फोनपासून नव्या औषधाचा पहिला डोस जाईपर्यंतचा. पहिला वाढला तर लॅबमध्ये शोधा, दुसरा वाढला तर वॉर्डात. पॅनेल आणि कल्चर यांच्यातल्या विसंगतींची एक वही ठेवा. एकाच जिवाणूत 'जनुक निगेटिव्ह, मेरोपेनेम प्रतिरोधक' अशा नोंदी अचानक वाढू लागल्या, तर किटला न दिसणारा एखादा प्रकार तुमच्याकडे शिरला असण्याची शक्यता आहे. असे आयसोलेट लॅटरल फ्लो किंवा कार्बा-एनपी (कार्बापेनेम मोडलं जातंय का ते रंगाने दाखवणाऱ्या) चाचणीने तपासा आणि त्यातून एन्झाइम दिसलं तर सिक्वेन्सिंगला पाठवा. किटची नवी आवृत्ती आली की ती कोणते प्रकार पकडते याची यादी माहितीपत्रकातून पुन्हा वाचा, जुन्या विसंगत आयसोलेटवर ती चालवून पाहा, आणि मगच जुना साठा संपवा.